आहे, आमच्या घराण्यात आहे

माझ्या थोरल्या भावाचं डोकं फिरलं तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि तो एकोणीस. 'डोकं फिरलं' हे मी मुद्दाम लिहिते. त्या दुखण्याला स्किझोफ्रेनिया म्हणतात हे मला फार उशिरा कळलं, तो शब्द नीट उच्चारायलाही वेळ लागला. आमच्या घरात ते आलं तेव्हा त्याला नाव नव्हतं, त्याच्याबरोबर नुसती बोलणी आली होती. ती बोलणी आमच्या घरातल्या बायकांनी मान खाली घालून ऐकून घेतली नाहीत. तेवढंच सांगायला मी बसले आहे.

आम्ही बळेगार, म्हणजे बांगडीवाले. हुलसूर आणि हुमनाबादच्या मधलं आमचं गाव, राज्य निजामाचं. घरात कानडी, दारात मराठी, कचेरीत उर्दू, आणि तिन्हींत भांडता यायचं. आईला आम्ही अव्वा म्हणायचो, वडिलांना अप्पा. अप्पा गुलबर्ग्याहून काचेच्या बांगड्या आणायचे आणि अव्वा त्या टोपलीत घालून आसपासच्या पाच-सहा गावांत घरोघर भरायला जायची. सातव्या महिन्यातल्या बाईला हिरव्या बांगड्या भरायच्या तर अव्वाच लागायची, तिचा हात हलका होता म्हणून. बांगडीवालीला कुठल्याही घरात थेट माजघरापर्यंत वाट असते. त्यामुळे कुठल्या घरात मागच्या खोलीला बाहेरून कडी आहे, हे अव्वाला पाटलापेक्षा जास्त ठाऊक होतं. ते तिनं एका घरातून दुसऱ्या घरात कधी नेलं नाही.

अण्णा, माझा भाऊ, हुमनाबादच्या शाळेत उर्दूतून सातवी झाला होता. अक्षर मोत्यासारखं. त्याला कचेरीत नक्कलनवीस व्हायचं होतं, सरकारी कागदांच्या नकला करणारा. अठराव्या वर्षापासून तो गप्प गप्प राहायला लागला. अंघोळ टाळायचा, ताटात काही कालवलंय का ते बघत बसायचा. आम्हाला वाटलं, नोकरी मिळत नाही म्हणून असेल.

मग एका उन्हाळ्यात हुलसूरच्या बाजारात तो अव्वाशेजारी बसला होता, मी पलीकडं. अव्वा एका बाईच्या हातात बांगड्या भरत होती. अण्णा एकदम दोन्ही हातांनी कान दाबून उभा राहिला.

"अव्वा, ह्यांना गप कर."

"कुणाला रे?"

"बांगड्यांना. माझं नाव घेऊन बोलायल्यात. सगळ्या बाजाराला सांगायल्यात."

अव्वा हसली. ऊन लागलं असेल, असं तिला वाटलं. तेवढ्यात त्यानं टोपली उचलली आणि दगडावर आपटली. सगळा बाजार भोवती गोळा झाला. आमच्यात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. अव्वा खाली बसून काचा वेचत होती आणि तोंडानं म्हणत होती, "वाढवल्या, बाबा, वाढवल्या, जाऊ दे." तिच्या बोटांतून रक्त येत होतं. अण्णा तिच्याकडं बघून रडायला लागला. तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून कधी गेला नाही.

घरात मग खटलाच उभा राहिला. फिर्याद करणारी माझी आत्या. अप्पांची ही थोरली बहीण लवकर विधवा होऊन आमच्याकडंच राहायची. तिचे अव्वावर दोन आरोप होते. पहिला रक्ताचा. अव्वाचा एक मोठा भाऊ होता, त्यालाही विसाव्या वर्षी असंच झालं होतं. अव्वाचं लग्न ठरायच्या वेळी तिच्या घरच्यांनी त्याला लांबच्या नातेवाइकाकडं पाठवून दिलं, आमच्या घराला काही कळू दिलं नाही. तिथून तो कुठं निघून गेला, कुणाला कळलं नाही. तो परत आला नाही.

"फसवून आणली हिला," आत्या म्हणायची. "हिच्याच रक्तात व्हतं ते."

दुसरा आरोप पोटाचा. अण्णा पोटात होता ते साल मानमोडीचं. तापानं माणसं पटापट मरत होती, वर त्या साली पाऊसही गेला होता. अप्पा तापानं अंथरुणाला खिळलेले. अव्वाला पाचवा महिना, आणि ती टोपली घेऊन गावोगाव फिरली. तिलाही ताप आला, आठ दिवस ती बेशुद्ध होती. उठल्यावर परत फिरली.

"ज्या घरात मढं, त्या घरात ही," आत्या म्हणायची. "पोटातल्या लेकराला काय काय दाखवलीस, काय काय हुंगवलीस. आता भोग."

"फिरले नसते तर तुमच्या भावाच्या तोंडात पेज कुणी घातली असती?" अव्वा विचारायची. "चिंचोके भाजून दळून खाल्ले मी. घरात जोंधळ्याचा दाणा न्हवता. जे व्हतं ते खाल्लं आणि पोटातल्याला दिलं. आणखी काय करायला पायजे व्हतं, ते सांगा."

आत्या पदर झटकून उठायची. पण दुसऱ्या दिवशी ती परत तेच बोलायची, आणि अव्वा परत तेच विचारायची. अप्पा मधे पडत नसत. ते चांगले होते, पण भांडणाच्या वेळी त्यांना नेमकं बाहेर काम निघायचं.

शेवटी आत्यानं आणि चार शेजाऱ्यांनी ठरवलं की अण्णाला एका बाबाच्या ठाण्यावर न्यायचं. गाडीनं दोन दिवसांची वाट. अव्वा निघाली आणि मला बरोबर घेतलं. ठाण्याच्या मागं लिंबाची झाडं होती. प्रत्येक झाडाखाली एक माणूस, पायात साखळी. ठाण्यावरचा माणूस गोड बोलणारा होता.

"सोडून जा, अक्का. सहा अमावस्या हितं काढल्या की माणूस ताळ्यावर येतोय."

अव्वानं एका झाडाकडं जाऊन तिथल्या पोराचा पाय बघितला. साखळीनं घोट्याचं कातडं गेलं होतं, माशा बसत होत्या. त्यानं अव्वाकडं पाणी मागितलं. तिनं दिलं. मग परत येऊन तिनं अण्णाचा हात धरला.

"चल घरी."

"अक्का, आलाव तसं निघालाव? घरी नेऊन काय करायलाव त्याला?"

"जेवू घालायलीय," अव्वा म्हणाली. "माझं लेकरू हाय. बैल न्हाई."

घरापर्यंत तिनं अण्णाचा हात सोडला नाही. ती घाबरत नव्हती असं मी म्हणणार नाही. तिनं मला फक्त एवढंच सांगितलं, "माझ्या भावाला असंच कुठंतरी सोडलं असल. मी त्या वेळी गप बसले, नवरी झाले व्हते ना."

घरी आल्यावर तिनं एक नेम घातला. अण्णाचं ताट पुढच्या सोप्यात, सगळ्यांबरोबर. कुणी विचारलं तर सांगायचं. कुणी नाही विचारलं तरी सांगायचं.

खोटं कशाला लिहू? अण्णाबरोबर राहणं सोपं नव्हतं. कधी दोन-दोन महिने तो बरा असायचा, बांगड्या आकारानं निवडून ठेवायचा, मला उर्दू अक्षरं गिरवायला द्यायचा. मग एखाद्या दिवशी सकाळी उठून म्हणायचा, तुम्ही माझी माणसं न्हाईत, माझ्या माणसांची कातडी पांघरून आलाव. एकदा त्यानं अव्वाला ढकललं आणि तिचं कपाळ उंबऱ्यावर आपटलं. अंघोळीशिवाय राहिल्यानं त्याला वास यायचा. मैत्रिणी आल्या की मी त्यांना बाहेरच थांबवायची. एकदा तर, हा मेला तर बरं, असं माझ्या मनात आलं. ते मी अव्वाला सांगितलं. तिनं मारलं नाही.

"येतं मनात," ती म्हणाली. "माझ्याबी येतं. मनात आलं म्हणून ताट उचलायचं न्हाई."

मी चौदाची झाले आणि स्थळं यायला लागली. पहिलं स्थळ वेशीवरूनच परत गेलं, कुणीतरी वाटेत त्यांचे कान भरले. दुसरी मंडळी पोहे खाऊन गेली आणि निरोप आला, मुलीची उंची कमी आहे. माझी उंची पहिल्यापासून तेवढीच होती. आत्या म्हणाली, पुढच्या खेपेला पोराला शेतात पाठवा, चार तासांचा तर प्रश्न. अप्पाही हो म्हणाले.

पुढची मंडळी हुमनाबादची होती. आमच्यासारखीच गळ्यात लिंग असलेली, कापडाचं दुकान, मुलगा दुकानात बसणारा. मुलगा, त्याची आई आणि त्याचा काका आले. आत्यानं सकाळीच अण्णाला शेताकडं पिटाळलं होतं. मंडळी बसली, पाणी झालं, चहा आला, आणि अव्वा उठून बाहेर गेली. थोड्या वेळानं परत आली ती अण्णाचा हात धरून. त्याला धुतलेला सदरा घातला होता. तिनं त्याला बैठकीत, काकाच्या शेजारी बसवलं.

"हा माझा थोरला लेक. ह्याला कानात बोलणं ऐकू येतंय. पाच वर्षं झाली."

आत्यानं तोंडाला पदर लावला. काकानं घसा साफ केला.

"म्हंजे... हे घराण्यात हाय म्हणा की."

"हाय. माझ्या भावाला व्हतं. माझ्या लेकाला हाय. माझ्या दुसऱ्या चार भावंडांना न्हाई. लेकीला आज न्हाई. उद्याचं मला ठाऊक न्हाई. तुमच्या लेकाचं तुम्हाला ठाऊक असलं तर सांगा."

अण्णा त्या काकाकडं बघून म्हणाला, "चहा घ्या. त्यात काही न्हाई घातलेलं. मी बघितलंय."

मुलाची आई ताडकन उठली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मला तेव्हा वाटलं, राग आलाय. मंडळी निघून गेली. आत्यानं त्या दिवशी जेवण केलं नाही, आणि मी अव्वाशी बोलले नाही. मला वाटलं, मुलाचं ताट मांडायच्या नादात हिनं मुलीचं पान पुसलं.

पुढच्या बाजाराला मी अव्वाबरोबर हुलसूरला होते. तो मुलगा एकटाच सायकलवर आला. आमच्यासमोर उभा राहिला, मग उकिडवा बसला, कारण अव्वा बसलेली होती.

"अव्वा, तुम्ही सांगितलाव, म्हणून मीबी सांगायलोय. आमच्याकडंबी हाय. माझी मोठी बहीण. बाळंतपणानंतर सासरनं परत पाठवली. मागच्या खोलीत असती. आई कुणाला सांगत न्हाई. त्या दिवशी तुमच्या लेकाला बैठकीत बघून आईला काय वाटलं असल, ते मलाच ठाऊक."

अव्वानं हातातल्या बांगड्या टोपलीत ठेवल्या. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "ऐकलीस? आता तूच काय ते बोल. मी बोलून चुकलेय."

मी सतरा वर्षांची होते. लग्नाच्या बाबतीत मला कुणी विचारेल हे स्वप्नातही नव्हतं. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "त्या खोलीला कडी हाय का?"

"हाय. बाहेरून."

"ती काढणार असाल तर येते."

त्यानं जाऊन काढली की नाही, हे बघायला त्या काळी कुणी जात नसे. मी लग्न होऊन गेले तेव्हा दाराला कडीच्या जागी दोन भोकं होती. सासू आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. माझी नणंद, तिला मी अक्का म्हणायची, उंच, गोरी, पांढऱ्या पडलेल्या हातांची. पहिले काही महिने दार उघडं असूनही ती उंबऱ्याच्या आतच बसायची. मी तिथंच भाजी निवडायला बसायला लागले. एक दिवस ती बाहेर आली आणि तिनं माझ्या हातातली अंबाडी घेतली. सासूनं ते बघितलं आणि चुलीकडं तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

माझं लग्न झालं त्याच्या पुढच्या वर्षी अप्पा गेले. आत्याही मागोमाग गेली. अव्वा आणि अण्णा गावात दोघंच राहिले.

मला चार वर्षं दिवस राहिले नाहीत. दरम्यान अण्णाचं फार वाढलं म्हणून मी आणि माझे मालक त्याला मोटारीनं गुलबर्ग्याला एका डॉक्टरकडं घेऊन गेलो. डॉक्टर मोठे शिकलेले, शेरवानी घालणारे. त्यांनी अण्णाला नीट तपासलं, झोपेचं औषध दिलं. मग घरची माहिती विचारली. मी सगळी सांगितली. मामाची, अण्णाची, आणि अक्काचीही. त्यांनी लेखणी खाली ठेवली.

"दोनों तरफ है?"

"जी."

"तो बच्चे मत पैदा करो, बेटी. ये खानदानी बीमारी है. अजून तुमचं काही बिघडलं नाही."

माझे मालक खाली बघायला लागले. मी नाही बघितलं.

"डॉक्टरसाहेब, माझ्या मामाला होतं. त्याच आईबापाच्या पोटच्या बाकी पाच जणांना कामून झालं न्हाई?"

"ते सांगता येत नाही."

"माझ्या भावाला झालं, मला कामून न्हाई?"

"अल्ला जाने. तुला पुढं होणारच नाही असंही मी सांगू शकत नाही."

"मग मला लेकरू झालं तर त्याला होणार, हे खात्रीनं सांगता येतं?"

"खात्रीनं कुणीच सांगू शकत नाही. धोका असतो."

"धोका बाळंतपणातबी असतोय. तुम्हाला जे खात्रीनं सांगता येत न्हाई, त्याच्यासाठी माझी कूस बंद करायला सांगायलाव?"

ते रागावले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "तू शिकायला पाहिजे होतंस." मी म्हणाले, माझ्या भावानं शिकवलंय. अण्णा दारात उभा राहून भिंतीशी बोलत होता.

इथं एक गोष्ट सांगून टाकते, मागं ठेवून सांगितली तर ती लपवल्यासारखी होईल. मला पुढं तीन मुलं झाली. सर्वांत धाकटा, सुखाच्या दिवसांत, भरल्या घरात, दूधतुपावर पोटात वाढलेला, त्याला एकविसाव्या वर्षी हे दुखणं लागलं. तो आज माझ्याजवळच आहे, गोळ्या घेतो, बाजार करतो, माझ्याशी वाद घालतो. तो आजारी पडला तेव्हा गुलबर्ग्यातल्याच एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला समजावून सांगितलं, की हे रक्तातून येतं ते एकाच धाग्यानं नाही, बारीक बारीक अनेक धाग्यांनी. पोटात असताना आईची उपासमार झाली, मोठा ताप आला, तर त्याचाही वाटा असू शकतो. आणि इतकं सगळं असूनही बहुतेकांना होत नाही. कुणाला होईल, हे बोट ठेवून दाखवता येत नाही. मी त्यांना म्हणाले, बाई, हे मला माहीत आहे, फक्त इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं. जुन्या डॉक्टरचा शब्द खरा झाला म्हणून मी लेक जन्माला घातल्याचा पश्चात्ताप करावा, अशी काही लोकांची अपेक्षा होती. त्यांना मी चहासुद्धा विचारला नाही.

पण पहिल्या लेकीचं सांगायचं राहिलं.

निजामाच्या राज्याचे ते शेवटचे महिने. गावोगाव जाळपोळ चालली होती, सीमेपलीकडं सोलापूरच्या बाजूला माणसं गाड्या भरून जात होती. अव्वा अण्णाला घेऊन आमच्याकडं हुमनाबादला आली. तेव्हा मला चौथा महिना सरत आला होता. आषाढात आमच्या आळीतल्या चार घरांनी मिळून तीन गाड्या जुंपल्या. सकाळची वेळ, आभाळ भरलेलं. गाडीवाल्यानं अण्णाकडं आणि अक्काकडं बघितलं आणि कासरा खाली टाकला.

"ही दोघं नकोत. वाटेत वरडली-बिरडली तर सगळे मरू. ह्यांना कुणाकडं तरी ठेवा."

शेजारीपाजारी आपापली बोचकी आवळत राहिले. म्हणजे त्यांनाही तेच हवं होतं. मी चढलेली खाली उतरायला लागले. माझ्या आधी सासू उतरली. जिनं सात वर्षं लेकीला कडीत ठेवलं होतं, ती म्हातारी गुडघे धरत खाली उतरली आणि अक्काच्या शेजारी उभी राहिली.

"माझी लेक खाली, तर मी वर कशाला? जावा तुम्ही."

मग मी उतरले, माझे मालक उतरले, अव्वा तर वर चढलीच नव्हती. गाडीतली एक पोटुशी बाई रस्त्यावर सोडून जायचं पाप कुणाच्यानं घेववेना. गाडीवाला शिव्या देत म्हणाला, चढा सगळे.

चार दिवस लागले. अक्का सगळ्या वाटेवर हळू आवाजात काहीतरी गुणगुणत होती, तिनं कुणाला त्रास दिला नाही. अण्णानं मात्र हद्दीवरच्या नाक्याच्या अलीकडं बसकण मारली. नाक्यावरचे शिपाई त्याचीच वाट बघत आहेत, असं तो म्हणायला लागला. भर दुपारी सगळी मंडळी त्याच्यासाठी थांबली. बाया त्याला शाप देत होत्या. अव्वा त्याच्याशेजारी चिखलात बसली. तिसऱ्या प्रहरी तो आपणहून उठला आणि चालायला लागला. नाक्यावर आम्हाला कुणी हटकलंही नाही.

पलीकडच्या एका गावात देवळाच्या पडवीत आम्ही अडीच महिने काढले. सततचा पाऊस, ओली जमीन, मिळेल ते धान्य. बरेच दिवस तरोट्याच्या पाल्यावर निघाले. श्रावणात मला ताप भरला. पडवीतल्या बाया माझ्यादेखत बोलायच्या.

"हिच्याबी घरात तसलंच, नवऱ्याच्याबी घरात तसलंच. वर पोटात अन्न न्हाई, अंगात ताप. हिचं लेकरू कसलं निपजायचं?"

"व्हय, मामावर जाईल."

मी तापातच उठून बसले आणि म्हणाले, "मामावर गेलं तर अक्षर चांगलं येईल."

ताप उतरला त्या सकाळी अव्वा माझे पाय दाबत होती. तिच्या वाट्याची भाकरी ती रोज मलाच देत होती, हे मला त्या दिवशी कळलं. मी रागावले. तेव्हा ती एकदम म्हणाली, "मला भ्या वाटायलंय गं."

एवढ्या वर्षांत हे शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकले नव्हते.

"मानमोडीच्या साली मीबी अशीच व्हते. एवढ्याच महिन्यांची. असाच ताप. तुझ्या आत्याशी मी रोज भांडले, पण बाई, मनात म्हणायची, हिचं खरं असलं तर? मी त्या घरांत गेले नसते तर? चिंचोके खाल्ले नसते तर माझं पोर धड झालं असतं का? तीस वर्षं झाली. एक दिवस असा गेला न्हाई."

मी रडले नाही, मला संताप आला. आत्यावर, डॉक्टरवर, त्या पडवीतल्या बायांवर, आणि अव्वाच्या मनात इतकी वर्षं गुपचूप बसलेल्या त्या खटल्यावर.

"अव्वा, पाऊस तू बंद केला व्हतास का?"

"न्हाई."

"ताप तू आणला व्हतास?"

"न्हाई."

"त्या साली पोटुशा बाया किती मेल्या, तूच सांगतीस. तू मेली न्हाईस. त्याला जिता जन्माला घातलीस, नवऱ्याला जगवलीस. त्याच्यात तुझी चूक कुठली, मला दाखव. आणि आज ही पाळी माझ्यावर आली, ती मी आणली का? माझ्या लेकराला उद्या काही झालं तर मलाबी असंच म्हणणार हाईस?"

"छ्या, तुला कशाला म्हणीन?"

"मग स्वतःला कामून म्हणतीस?"

मी तिला अर्धी भाकरी मोडून दिली. तिनं ती माझ्यासमोर खाल्ली, शेवटच्या तुकड्यापर्यंत. ती भीती तिच्या मनातून गेली असेल, असं मला वाटत नाही. पण त्यानंतर ती मला आपल्या वाट्याची भाकरी देत नसे, वाटून खायची.

भाद्रपदात हिंदुस्थानचं लष्कर आलं, राज्य बदललं, आम्ही परत आलो. दुकानाची फळी मोडलेली, कापड गेलेलं, घर उभं होतं. कार्तिकात मुलगी झाली. बारीक, काटकुळी, पण आवाज मोठा. अण्णानं तिला एकदा मांडीवर घेतलं. सासू घाबरून पुढं झाली, मी तिला थांबवलं. त्यानं मुलीच्या मुठीकडं बघितलं आणि म्हणाला, "हिला कोण बोलायलंय का?" मी म्हणाले, "आपणच बोलायलोय." त्याचं समाधान झालं.

अण्णा त्यानंतर नऊ वर्षं जगला. एका हिवाळ्यात छातीत कफ झाला आणि गेला, घरात, अंथरुणावर, पायात काही नसताना. अव्वा त्याच्यानंतर गेली. अक्का बरीच म्हातारी होऊन गेली, आमच्या मुलांना तिनंच सांभाळलं.

मुलगी विशीत आली तेव्हा ती कॉलेजात होती. मी एवढी भांडकुदळ बाई, पण त्या वर्षी मी तिच्यावर चोरून नजर ठेवायला लागले. उशिरा उठली की मी तिच्या उशाशी. एकटीच हसली की मी दाराआड. दिवसाआड तिच्या वह्या उघडून बघायची, अक्षर बदललंय का. एकदा जेवताना तिनं घास हातातच ठेवला.

"आई, कामून बघायलीस माझ्याकडं असं?"

"कुठं बघायलीय?"

"मला सगळं ठाऊक हाय. मामाचं, अक्काआत्याचं, तुला ताप आला व्हता ते. अव्वानंच सांगितलंय मला. बघू नको असं. झालं तर मीच सांगीन तुला, सगळ्यांच्या आधी. तोवर मला जेवू दे."

मी तिच्या पानात भाजी वाढली आणि माझ्या पानाकडं वळले.